एकही गणित सुटेना, आणि इतर प्रश्न

प्रश्न : बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात ८५ टक्के पडतात, पण माधव गणित स्पर्धेचा जुना पेपर काढला तर एकही गणित सुटेना. ही माझी पातळीच नाही का? (सातारा)

पहिल्या बैठकीला माझंही सुटत नाही! ही स्पर्धा पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून घेतात. पेपरात बहुपर्यायी प्रश्नही असतात, पण कस लागतो तो सिद्धता लिहिताना. तिथं पाठांतर कामाला येत नाही.

हे करून बघ. कोणतेही १० पूर्णांक घे. त्यांतले काही किंवा सगळे निवडून १० ने भाग जाणारी बेरीज मिळतेच, हे सिद्ध कर.

अर्धा तास झगडल्याशिवाय पुढं वाचू नकोस. पहिला, पहिले दोन, पहिले तीन... अशा दहा बेरजा मांड. एखादीला १० ने भाग गेला तर झालंच. नाही तर बाक्या १ ते ९ यांतल्याच, म्हणजे नऊ, आणि बेरजा दहा. दोन बेरजांची बाकी सारखी येणारच. मोठ्या गटाच्या बेरजेतून लहान गटाची वजा कर. उरलेल्या मधल्या संख्यांच्या बेरजेला १० ने भाग जातो. यात कॉलेजचं गणित कुठं लागलं?

आठवड्याला असे दोनच प्रश्न घे, पण सिद्धता पूर्ण वाक्यांत लिही आणि मित्राला तपासायला दे. ‘उघड आहे’ असं जिथं लिहिशील, तिथंच बहुधा भोक असतं.

प्रश्न : मुलगी उन्हाळ्यात एमटीटीएस या गणित प्रशिक्षण शिबिराला जायचं म्हणते. त्यापेक्षा एम.एस्सी. प्रवेशाच्या जॅम परीक्षेचा क्लास बरा नाही का? (एक पालक, नाशिक)

जाऊ द्या तिला. प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम स्पर्धा नव्हे. शिक्षक व्याख्या फळ्यावर लिहितात आणि विचारतात, ‘उदाहरण दे. आता न बसणारं दे.’ सुरुवातीला मुलं रडकुंडीला येतात. जॅममध्ये सिद्धता लिहावी लागत नाही, हे खरं. पण आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) किंवा सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) यांच्या प्रवेशपरीक्षेत लागते.

प्रश्न : पुण्यातून पुटनम ही गणित स्पर्धा देता येते का?

नाही, ती अमेरिका-कॅनडातल्या कॉलेजांसाठी आहे. सहा तास, १२ प्रश्न, १२० गुण, आणि कित्येक वर्षी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला येणारा) गुण शून्य किंवा एक! जुने पेपर मात्र खुशाल सोडव. दोन्ही सत्रांतला पहिला प्रश्न सहसा सोपा असतो, तिथून सुरू कर.