जगलेल्या पिल्लांकडे बघ

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. झेब्राफिश या छोट्या माशावर काम करायचंय आणि सुरुवातच नंदेसरीच्या कारखान्यांच्या सांडपाण्यापासून करायचीय, बडोद्यात वाढलेल्या मुलीला त्या पाण्याने माशाच्या पिल्लांच्या मेंदूचं काय होतं हा प्रश्न पडला याचा खरंच आनंद झाला. पण सांडपाणी थोडं थांबू दे गं, त्यात कितीतरी रसायनं एकत्र असतात, कुठल्या रसायनाने काय केलं ते तुला सांगताच येणार नाही. आधी एकच घे, शिसं नाहीतर क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक, आणि डोस मोजून दे.

अंडी किती मेली हे मोजायला ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेची 96 तासांची टेस्ट 2013 पासून आहेच. तू जगलेल्या पिल्लांकडे बघ, जी मायक्रोस्कोपखाली ठणठणीत दिसतात, शेपूट सरळ, हृदय चालू, आणि तरी पाचव्या दिवशी लाइट बंद केल्यावर बाकीची पिल्लं जशी एकदम जोरात पोहायला लागतात तशी ही पोहत नाहीत. शिशाचं माणसाच्या मुलांत असंच होतं ना, पोर दिसायला चांगलं आणि शाळेत मात्र मागे पडतं.

पण म्हणून लगेच 'मेंदूवर परिणाम' लिहू नकोस हं. स्विम ब्लॅडर, म्हणजे माशाला तरंगत ठेवणारी हवेची पिशवी, भरलाय का ते आधी बघ, वाढच मागे पडली असेल तर पिल्लू कमी पोहणारच, त्यात मेंदूचा दोष नाही. मे महिन्यात रात्री लाइट गेली आणि इन्क्युबेटर 28.5 अंशांवरून सरकला तर ती बॅच सोडून दे, जीव तुटला तरी. रसायन डीएमएसओ या द्रावकात विरघळवलंस तर कंट्रोललाही, म्हणजे रसायन न दिलेल्या पिल्लांनाही, तेवढंच डीएमएसओ घाल. आणि काही रसायनं प्लास्टिकच्या प्लेटला चिकटतात, म्हणजे तू घातलेला डोस पिल्लाला मिळालाच असं नाही, पाण्यात खरंच किती उरलंय ते तपासून घे. विष कितव्या तासाला दिलं हेही वहीत लिही, 24 तासांत मेंदूचे मुख्य भाग दिसायला लागतात, त्याआधी दिलेलं आणि नंतर दिलेलं सारखं नसतं.

एवढं बजावतेय कारण असले निकाल वाचून आया घाबरतात, आपल्या पोराचं काय झालं असेल म्हणून रात्र रात्र जागतात. त्यांना कच्चं काही सांगायचा हक्क आपल्याला नाही.

पहिला महिना विष हातात घेऊच नकोस. नुसती साध्या पाण्यातली पिल्लं रोज बघ, नॉर्मल पिल्लांतसुद्धा एक सुस्त आणि एक चळवळं असतं, तो फरक डोळ्यांत बसायला हवा. रविवारी दांडिया बजारला घरी ये, कंट्रोलचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर आण, बसून मोजू.

तुझी मावशी