बाळ तुझ्याच मांडीवर राहू दे

राजेंद्रनगर, इंदूर

पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा डिंकाचे लाडू द्यायला आले होते. बाळ रडलं की तू आधी सासूबाईंकडे बघायचीस, मग बाळाकडे. चारचौघींत बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून लिहितेय.

मीही १९व्या वर्षी आई झाले, रामबागेतल्या वाड्यात. घरभर बायका. एक न्हाऊ घालायची, दुसरी टाळू भरायची, तिसरी दुपट्यात गुंडाळायची. माझ्याकडे बाळ यायचं ते फक्त पाजायला. "तिला काय कळतंय, पोरच आहे अजून," हे इतकं ऐकलं की मलाही पटलं. मग एकदा सगळ्या लग्नाला उज्जैनला गेल्या. कोपर बुडवून पाणी बघितलं, देवाचं नाव घेतलं आणि न्हाऊ घातलं. बाळ रडलं, मीही रडले. पण दुसऱ्या दिवशी हात थरथरला नाही.

तेव्हा मदत नाकारू नकोस, पण कसली हवी ते तू सांग. "आई, पोळ्यांचं तुम्ही बघाल? मी हिला न्हाऊ घालते, तुम्ही नुसत्या शेजारी बसा." शेजारी बसायला सांगायला विसरू नकोस, नाहीतर त्यांना वाटेल आपल्याला बाजूला काढलं. रात्रीची दुपटी नवऱ्याकडे दे. त्याला जमतं, आपणच करू देत नाही.

"दूध पुरत नाही, वरचं सुरू करा," असं कोणी म्हणालं तर वाद न घालता ओली दुपटी मोज. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त भिजत असतील आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढत असेल, तर पुरतंय. सहा महिने पाणीसुद्धा नको, इंदूरच्या मे महिन्यातही. मध तर वर्षभर नाहीच. आजेसासूबाई रागावल्या तर खुशाल माझं नाव सांग.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, चुकवू नकोस. तुझं स्वतःचंच अंग अजून भरायचंय. आणि बाळंतपणाला पंधरा दिवस उलटूनही उगाचच रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर "नजर लागली" म्हणून बसू नका. डॉक्टरांकडे जा, मी येते बरोबर.

पुढच्या आठवड्यात दीड महिन्याची लस आहे ना? सुई मांडीत टोचतात, बाळ कळवळेल. त्या वेळी तूच घेऊन बस. कार्ड सासूबाईंच्या हातात दे.

तुझी,
शेजारची मावशी