सातांतला तिचा कोण, ते विचारलंत का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. लेक सोळाची, बीटीएस या सात जणांच्या कोरियन बँडपायी वेडी. खोलीची भिंत जांभळी, उशाशी चमकणारी कांडी, प्लॅस्टिकच्या पाकिटांत जपलेली फोटोकार्डं. मंडळाच्या गणपतीत लेझीमला उभी राहायला तयार नाही. मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत, आणि कोरियन अक्षरं मात्र वहीत गिरवत बसते. 'जगभरच्या लाखो मुली एकच टी-शर्ट घालून एकच गाणं म्हणतात, त्यात माझी मुलगी कुठे उरली?' असा त्यांचा प्रश्न. आणि पत्राच्या शेवटी, कंसात, एक ओळ: (चित्रं काढून तिकडे नेटवर टाकते, तिथे तिला बरेच जण ओळखतात म्हणे.)

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच त्या कंसात लिहून ठेवलंय. पण आधी थोडं माझं ऐका.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. १९७१ साली आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सगळी चाळ सुनील गावसकरची. मी एकटी एकनाथ सोलकरची. त्याचे वडील मरीन ड्राइव्हच्या हिंदू जिमखान्यावर मैदान राखायचे, म्हणजे आमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर. हेल्मेट नव्हतं त्या काळात तो फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, शॉर्ट लेगला उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ झेल. त्या मालिकेत लंडनच्या ओव्हलला वेंकटराघवनच्या चेंडूवर त्याने इंग्लंडच्या अ‍ॅलन नॉटचा झेल घेतला. त्या झेलाचं कात्रण मिळवायला मी खालच्या मजल्यावरच्या मुलाला गावसकरची चार कात्रणं दिली होती. मैद्याची खळ करून ती वहीत चिकटवायची. खळ पातळ झाली की शाई फुटून सोलकरच्या चेहऱ्यावर मागच्या पानावरची जाहिरात उमटायची. 'सोलकरवाली' म्हणून मला चिडवायचे, आणि मला ते मनापासून आवडायचं. चाळीत सगळे क्रिकेटवेडे नसते, तर माझ्या सोलकरला काही अर्थच नव्हता.

तुमच्या मुलीच्या गोतावळ्यात ह्याला शब्द आहे: बायस. सातांपैकी आपला लाडका तो बायस. त्यावरून त्यांच्यात रुसवेफुगवेही असतात. सातही जणांना सारखं मानणारे स्वतःला 'ओटी सेव्हन' म्हणवतात आणि एकाच्याच मागे लागलेल्यांकडे जरा वाकडं बघतात. बाहेरून एकरंगी दिसणाऱ्या त्या गर्दीत ह्या पोरी कोण कुठे उभी आहे ते रोज ठरवत असतात. तिचा बायस कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे? पत्रात तरी नाही.

आता मंडळाचं. लेझीमला ती उभी राहिली, तर ती कोण? अमक्या-अमकीची मुलगी. काकू गाल ओढणार, 'केवढी मोठी झालीस' म्हणणार, कुठल्या कॉलेजला अर्ज करणार ते विचारणार. ह्यात वाईट काही नाही, मीसुद्धा ओढते गाल. पण चित्रांच्या त्या जगात तिच्या आईवडिलांचं नावही कुणाला माहीत नाही. तिथे ती तिच्या रेषेवरून ओळखली जाते. सोळाव्या वर्षी माणसाला दोन्ही हवं असतं, कुणाचं तरी असणं आणि कुणाचंही नसणं. मंडळात तिला पहिलंच मिळतं. तेव्हा एकदा ती चित्रं बघा. 'छान' म्हणून सुटू नका. हाच हात असा का काढलास, ते विचारा.

आणि टी-शर्टाबद्दल म्हणाल, तर २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाची फायनल दुपारी अडीचला सुरू झाली तेव्हा न्यू जर्सीत पहाटेचे पाच वाजले होते. तुमच्या घरी त्या वेळी निळ्या टी-शर्टात कोण कोण बसलं होतं, आठवून बघा.

कोरियनचा राग मात्र मला समजला नाही. पार्ल्याला माझ्या भाचीची मुलगी तीच भाषा शिकतेय. परवा आजीला सांगत होती, 'अगं, त्यांच्यातही क्रियापद शेवटी येतं, आणि मोठ्यांशी बोलताना ते बदलावं लागतं. शिवाय भेटल्यावर विचारतात काय, तर जेवलीस का!' आजी म्हणाली, 'मग आपलीच की ती माणसं.' तुमच्या लेकीला हे तू-तुम्ही कळतंय, म्हणजे मराठीचा दरवाजा काही बंद झालेला नाही. फक्त ह्याचं हत्यार करू नका. 'कोरियन येतं मग मराठी का नाही' हे वाक्य एकदा जरी निघालं, तर ती कोरियनसुद्धा तुमच्यासमोर वाचणार नाही.

कडक कुठे व्हायचं? पैशाला. एकच अल्बम चार-पाच रूपांत निघतो आणि आत कुठलं कार्ड निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. पोरींनी पुन्हा पुन्हा घ्यावा, अशीच ती सोय. महिन्याची रक्कम ठरवून द्या, तेवढ्यात तिचं तिने बघावं. कार्डांच्या अदलाबदलीसाठी घरचा पत्ता अनोळखी माणसाला जायला नको. आणि गोतावळ्याने कुणावर तुटून पडायचं ठरवलं, तर त्या दिवशी ती काय करते, इकडे लक्ष असू द्या. 'मी नाही गेले त्यात' असं ती सांगू शकली, तर बाकीची काळजी मी तुमच्या जागी असते तर सोडून दिली असती.

डिसेंबरात मुंबईला येताय असं लिहिलंत. ३० तारखेला त्या सातांतल्या व्हीचा वाढदिवस असतो. असे वाढदिवस इथल्या मुली एखाद्या कॅफेत जमून साजरे करतात, कपांना त्याच्या चित्राचं वेष्टण घालतात. भाचीची मुलगी जाणार आहे, तुमचीला सोबत होईल. तिथे दोघी मराठीत बोलतील की इंग्रजीत, ते आपण ठरवायचं नाही. तुम्ही आत जाऊ नका, बाहेर चहा घ्या.

मग दोघींना माझ्याकडे घेऊन या. सोलकरची वही अजून आहे, कसरीने त्याचा एक कान खाल्लाय. दाखवीन. पण ओव्हलचं कात्रण मागितलं तर फुकट मिळणार नाही, बदल्यात तिच्या हातचं चित्र लागेल.