मुंबईच्या गॅलरीत चवीचा टोमॅटो: वाण निवडताना आधी कॅलेंडर बघा

प्रश्न थोडक्यात असा: अंधेरीत चौथा मजला, दक्षिणेकडची गॅलरी, पाच मोठ्या कुंड्यांची जागा. बाजारातल्या टोमॅटोला चव नाही म्हणून घरी लावायचे. यादीत ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल, सनगोल्ड हे परदेशी वाण आणि ‘एखादा गावठी’.

यादीतून ब्रँडीवाइन आधी खोडा. चवीला तो उत्तमच आहे, पण रोप लावल्यापासून पहिलं फळ पिकायला ९० ते १०० दिवस घेतो आणि इथेच मुंबई आडवी येते. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर राहू लागलं किंवा दिवसाचं ३४-३५ च्या पुढे गेलं की टोमॅटोचा पराग कमजोर होतो आणि फूल देठाच्या सांध्यातून गळतं. सांताक्रूझला रात्रीचं सरासरी किमान तापमान १७ ते १९ अंशांवर असतं ते डिसेंबर ते फेब्रुवारी एवढेच तीन महिने. कुलाब्याकडे समुद्रामुळे त्यातही दोन-तीन अंश जास्त. मोठ्या फळांचे वाण याबाबत सगळ्यात नाजूक. झाड सहा फूट होतं, पानं हिरवीगार, आणि फळं दोन.

म्हणून पाच कुंड्यांची वाटणी मी अशी करेन: एक सनगोल्ड, एक ब्लॅक चेरी (दोन्ही लहान फळांचे चेरी टोमॅटो), दोन पुसा रूबी आणि हौसेला एक चेरोकी पर्पल.

चेरी टोमॅटो गोड लागतो तो नुसता आकारामुळे नाही. फळ लहान, त्यात पाणी कमी आणि त्या मानाने साखर पुरवणारी पानं भरपूर. साध्या टोमॅटोचा ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) ४-५ असतो, चांगल्या चेरीचा ७ च्या पुढे सहज जातो. शिवाय उकाड्यातही तो बऱ्यापैकी फळ धरतो. सनगोल्डचं फळ गडद नारिंगी होईपर्यंत झाडावर ठेवा. पिवळट नारिंगी तोडलं तर नुसतं आंबट लागतं. साल इतकी पातळ की कोरड्या कुंडीत एकदम भरपूर पाणी घातलं की दुसऱ्या दिवशी तडकतं, त्यामुळे पिकलेली फळं पाणी घालण्याआधी तोडायची. सनगोल्ड संकरित आहे. पाकिटावर एफ-१ (संकरित बियाण्याची खूण) लिहिलेलं नसेल तर आत दुसरंच काही आहे, आणि घरच्या फळाचं बी धरलं तर तीच चव परत येणार नाही. ब्लॅक चेरी संकरित नाही, त्याचं बी मात्र खुशाल धरा.

पुसा रूबी कुणाच्या ‘सर्वोत्तम चव’ यादीत दिसत नाही, याचं कारण आपण यादी करताना फक्त सॅलड डोळ्यांसमोर ठेवतो. सार करायचं असेल, कोशिंबिरीत दाण्याच्या कुटाबरोबर खायचा असेल तर रसाळ, आंबट, पातळ सालीचा टोमॅटोच लागतो. हा लवकर येणारा जुना सरळ (संकरित नसलेला) वाण आहे, बी स्वस्त आणि सहज मिळतं. फळ चपटं, देठाकडे खाचा असलेलं. ट्रकमध्ये टिकत नाही, पण तुम्हाला ते गॅलरीतून ओट्यापर्यंतच न्यायचंय.

बाजारच्या टोमॅटोची चव गेली ती मुळात याच प्रवासापायी. नारायणगाव किंवा पिंपळगावहून क्रेटमधून येणारा माल जाड सालीचा, टणक आणि एकसारख्या रंगाचा हवा असतो. या एकसारख्या रंगाची किंमत २०१२ साली समजली: ज्या जनुकीय बदलामुळे फळ सगळीकडून सारखं पिकतं, त्याच बदलामुळे कच्च्या फळात हरितद्रव्य कमी पडतं आणि साखर कमी साठते. तेव्हा कच्च्या फळाच्या देठाजवळ गडद हिरवा ‘खांदा’ दिसला तर तो दोष समजू नका. अर्का रक्षकसारखे रोगप्रतिकारक संकरित वाण भरघोस येतात, पण तेही टणक बाजारी मालासाठीच काढलेले आहेत. आधीची रोपं मर रोगाने गेली असतील तरच त्यांच्याकडे वळा.

मर रोगाबद्दल जरा सविस्तर, कारण मुंबईत बहुतेक कुंड्यांत कोकणातली लाल माती जाते आणि कोकणात जिवाणूजन्य मर जुनी आहे. लक्षण असं: रोप हिरवंच असताना दुपारी माना टाकतं, संध्याकाळी सावरतं, तीन-चार दिवसांत कायमचं लोळतं. पाणी कमी पडलं समजून लोक आणखी पाणी घालतात. खात्री करायची तर बुंध्याजवळचा दोन-तीन इंचांचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक जेमतेम बुडेल असा धरा. दोन-चार मिनिटांत टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला तर जिवाणूच. त्यावर औषध नाही. ती माती टाकून द्या, त्यात वांगी-मिरचीही लावू नका. ही भानगड टाळायची तर मातीचा वाटा कमी ठेवा: दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग चांगली माती, कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कुंडी १५ ते २० लिटरची.

बी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात टाका. बहुतेकदा तेव्हा पितृपक्ष असतो, टोमॅटोला त्याचं काही वाटत नाही. चार आठवड्यांनी रोपं कुंडीत, पहिल्या जोडपानापर्यंत बुंधा मातीत गाडून. ऑक्टोबरच्या उन्हात पहिले आठ दिवस दुपारची सावली हवी. तुमची दिशा उत्तम आहे: हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, ऊन थेट आत येतं. सहा तास मिळालं तर फळात चव उतरते, तीन तासांत कुठलाही वाण फिकाच लागेल.

फुलं दिसली की शेणखत-गांडूळखताचा मारा थांबवा, नाहीतर नुसता पाला वाढेल. त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी सल्फेट ऑफ पोटॅश (पालाश देणारं खत), लिटरला २ ग्रॅम. चौथ्या मजल्यावर मधमाश्या आल्या तर आल्या. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान घोसाच्या देठाला टिचकी मारली की पराग झडतो, तेवढं पुरतं. पाणी रोज ठरलेल्या वेळी. फळाच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडला तर कॅल्शियमच्या गोळ्यांमागे धावण्याआधी पाण्याचा अनियमितपणा तपासा. फळं रंग धरू लागली की पाणी थोडं आखडतं घ्या, पानं किंचित मलूल होण्याइतपतच.

फेब्रुवारीनंतर पांढरी माशी वाढते आणि पानं आकसून वाटीसारखी वळू लागतात. तो विषाणू आहे, ते झाड काढून टाका. पिवळे चिकट सापळे नोव्हेंबरपासूनच लावा.

बुलबुल आणि पोपट पिकायच्या आधीच हजर होतात. सनगोल्ड सोडून बाकीच्या फळांवर गुलाबी छटा आली की तोडून ओट्यावर, सावलीत पिकवलं तरी चवीत फारसा फरक पडत नाही. फ्रिजमध्ये ठेवलं तर मात्र पडतो: १२ अंशांच्या खाली टोमॅटोचा वास मरतो आणि बाहेर काढल्यावर पूर्ण परत येत नाही.