पडला म्हणजे फाउल झाला, असं नाही

मोबाइलवर हळू केलेली फुटबॉलची चित्रफीत पाहून निकाल लावणाऱ्यांची पत्रं याही वेळी ढीगभर आली. बहुतेकांचा घोटाळा तोच आहे: खेळाडू पडला म्हणजे फाउल, आणि फाउल नसेल तर सोंग. दोन्ही समजुती चूक.

चेंडू हाताला लागला की हँडबॉलच ना? (सांगली)

नाही. मुद्दाम हात लावला, किंवा हात विनाकारण पसरून चेंडू अडवला, तरच गुन्हा. मात्र तुमच्या हाताला लागून चेंडू थेट गोलात गेला, किंवा लागताक्षणी तुम्हीच गोल मारला, तर नकळत लागला असला तरी गोल मिळत नाही.

पेनल्टी नाकारली, मग पडणाऱ्याला पिवळं कार्ड का नाही? (ठाणे)

धावताना माणसाचा तोल जातो. पंचाला फसवायला पडला असेल तरच कार्ड.

छेत्रीचा तो गोल शिट्टीविना कसा ग्राह्य धरला? (पुणे)

मार्च २०२३ चा बंगळुरू विरुद्ध केरला ब्लास्टर्स सामना. जादा वेळेत बंगळुरूच्या सुनील छेत्रीने झटपट फ्री किक (फाउलबद्दल मिळणारी किक) मारून गोल केला, आणि केरलाचा संघ मैदान सोडून गेला. फ्री किकला दर वेळी शिट्टी लागते, ही ऐकीव गोष्ट आहे. पंचाने बचावपटूंची भिंत मागे सरकवायला घेतली, कार्ड काढलं किंवा थांबायला सांगितलं, तर शिट्टीची वाट पाहायची; नाहीतर चेंडू स्थिर ठेवून मारता येतो. पंच थांबायला सांगतो आहे का, एवढ्यावरच वाद होऊ शकतो. पण मैदान सोडणं हा उपाय नव्हेच. भारतीय फुटबॉल महासंघाने केरलाला चार कोटींचा दंड केला, प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी घातली.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. बॉक्समध्ये (गोलसमोरच्या चौकोनात) धक्का लागला की पड, असं त्याचे कोच शिकवतात. सगळेच करतात म्हणे. (कोल्हापूर)

सगळे करत नाहीत, आणि करत असले तरी तुमच्या मुलाने करू नये. २००२ च्या विश्वचषकात तुर्कस्तानच्या हाकन उनसालने मारलेला चेंडू ब्राझीलच्या रिव्हाल्डोच्या मांडीला लागला आणि तो तोंड धरून कोसळला. उनसालला लाल कार्ड मिळून मैदान सोडावं लागलं. रिव्हाल्डोला नंतर ११,५०० स्विस फ्रँकचा दंड झाला, पण त्याने उनसालचा सामना परत आला नाही. तेव्हापासून पोरं तेच पाहत मोठी होत आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. १२ जून २०२१, कोपनहेगन. फिनलंडविरुद्ध खेळताना डेन्मार्कचा एरिक्सन कोसळला. त्याला कोणी धक्का दिला नव्हता, त्याचं हृदय बंद पडलं होतं. पंच अँथनी टेलर यांनी तत्काळ खेळ थांबवून डॉक्टरांना बोलावलं आणि एरिक्सन वाचला. आता विचार करा: दर पाच मिनिटांनी कोणीतरी लोळत असेल, तर 'लांडगा आला रे आला' होतं. खरा पडलेला पोरगाही सोंगाडा वाटतो. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर डॉक्टर नसतो, तिथे वाया गेलेलं एक मिनिटही फार महाग पडतं.

कोचशी या आठवड्यातच बोला. ऐकलं नाही तर संघटनेकडे जा आणि मुलाला दुसऱ्या संघात घाला. आणि डोक्याला मार लागून क्षणभर जरी अंधारी आली, तर त्या दिवशी खेळ बंद आणि लगेच डॉक्टर. 'थोडं पाणी मारा' नको.

उपान्त्य सामन्यात पंचाने गोल चुकीचा नाकारला. आमच्याकडे चित्रफीत आहे. तीन आठवडे झाले, आता तक्रार करू का? (कराड)

तीन आठवडे कशाची वाट पाहत होतात? फाउल झाला की नाही, गोल झाला की नाही, ही मैदानावरची बाब. त्यात पंचाचा शब्द अंतिम. नियमच चुकीचा लावला असेल, तर गोष्ट वेगळी. पण अशा तक्रारीला स्पर्धेची नियमावली मुदत घालते. आजच ती काढून वाचा, आणि आयोजकांना भेटूनच पुढचं पाऊल टाका.

घरबसल्या सात दिवसांत रेफ्रीचं प्रमाणपत्र मिळतं, फी भरू का? (नाशिक)

भरू नका. रेफ्री होण्यासाठी नियमांची परीक्षा, धावण्याची चाचणी आणि मैदानावरची उमेदवारी लागते. आधी जिल्हा संघटनेत जाऊन विचारा. पुढची भरती कधी आहे, ते तिथेच कळेल.