नाना पलंगावरून उठेनात

प्रश्न : माझे सासरे नाना ७८ वर्षांचे. न्यूमोनियामुळे ११ दिवस दवाखान्यात होते. आधी पूजेची फुलं स्वतः तोडून आणायचे. आता उठत नाहीत, जेवणही आम्हीच भरवतो. ‘तुम्हाला माझा त्रास’ एवढंच बोलतात. वयच झालं म्हणायचं का? – एक सून, सातारा

उत्तर : ताई, वयावर ढकलू नका. ११ दिवसांपूर्वीही त्यांचं वय तेच होतं! न्यूमोनिया बरा होतो, पण खाटेवर पडून मांड्यांचे स्नायू झडतात. धडधाकट म्हाताऱ्यांचेही दहा दिवसांत झडतात. त्यात लघवीची नळी, डायपर. आयुष्यभर स्वतःचं स्वतः करणाऱ्या माणसाला हे आतून मोडतं. वॉर्डात राउंड घेताना मी हे रोज पाहते आणि दरवेळी वाटतं, याला दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसवायला हवं होतं.

तुम्ही प्रेमाने भरवता, पण चमचा त्यांच्या हातात द्या. सांडू दे. डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपी सुरू करा: आधी काठावर बसणं, मग धरून उभं राहणं. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दोन्ही जेवणांत अंडं, पनीर किंवा घट्ट वरण हवंच.

‘माझा त्रास’ हे उदासीचं बोलणं असू शकतं. तिच्यावर या वयातही उपचार होतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मात्र ते एकाएकी गुंगल्यासारखे झाले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि फुलांची परडी त्यांच्या मांडीवर ठेवा. निवडायला बसल्या जागीही जमेल.