आधी तो करारनामा वाच

प्रिय,

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या घरहक्काबद्दलच्या शेली विरुद्ध क्रेमर खटल्यावरचं तुझं टिपण वाचलं. भाषा नेटकी आहे, पण तू थेट निकालावर उडी मारलीस. आधी १९११ चा तो करारनामा शब्दन् शब्द वाच.

मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात लॅबडी अव्हेन्यूवरच्या ३९ पैकी ३० मालकांनी त्यावर सह्या केल्या. पुढची पन्नास वर्षं गोऱ्यांखेरीज कुणालाही तिथे मालक किंवा भाडेकरू म्हणून राहू द्यायचं नाही, असं त्यात लिहिलंय. आणि हे लिहिलं तेव्हा त्याच वस्तीतल्या एका घरात १८८२ पासून कृष्णवर्णीय माणसं राहत होती! शेजारी नांदती माणसं असताना शांतपणे कागद करून सह्या करणारे हात मला दगड मारणाऱ्यांपेक्षा जास्त भयंकर वाटतात. तुझ्या टिपणात हा कागद एका ओळीत उरकलाय.

मग कुटुंबाकडे ये. जे. डी. आणि एथेल शेली मिसिसिपी सोडून आलेले, पदरी सहा मुलं. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी ४६०० क्रमांकाचं घर घेतलं. कराराची त्यांना गंधवार्ताही नव्हती. ऑक्टोबरात क्रेमर आणि करारातल्या इतर घरमालकांनी दावा लावला : यांना ताबा देऊ नका, मालकीही काढून घ्या. खालच्या कोर्टात ते जिंकले, तेही सगळ्या मालकांच्या सह्या नाहीत एवढ्याच मुद्द्यावर. मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. वकील जॉर्ज वॉन लढत राहिले, खर्चासाठी कृष्णवर्णीय घरदलालांची संघटना उभी राहिली. यांना ‘बिचारे’ म्हणू नकोस. तो शब्द खोड.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ३ मे १९४८ चा निकाल तू ‘भेदभाव संपला’ असा मांडलास, तो तसा नाही. तीन न्यायमूर्ती खटल्यातून बाजूला झाले होते. उरलेल्या सहा जणांनी एकमताने सांगितलं, की असा करार आपखुशीने पाळणाऱ्यांना घटना अडवत नाही, पण न्यायालयाने तो अमलात आणला तर ते सरकारचंच कृत्य ठरतं आणि चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या समान संरक्षणाचा भंग होतो. म्हणजे शेलींचं घर वाचलं, पण कृष्णवर्णीय गिऱ्हाईक दिसताच दार लावून घेणाऱ्या विक्रेत्याला कुणी हात लावला नाही. त्यासाठी देशभर लागू होणारा घरहक्क कायदा यायला १९६८ उजाडलं. मधल्या वीस वर्षांवर तुझ्याकडे एकही परिच्छेद नाही. पुढचा खर्डा तिथूनच सुरू कर आणि पाठव. सवडीने नाही, लगेच वाचेन.

तुझा,
सर